दीड तासाची दिल्ली
तुपात डिंक फुलल्याचा वास आला की मला पवनारच्या आमच्या ओसरीवर बसलेले व्याही आठवतात. पोरीला मागणी घालायला आले तेव्हा म्हणाले, "दिल्लीले काऊन दूर म्हणता, विहीणबाई? नागपुराहून विमानानं दीड तास. तुमची आर्वीची बस याहून जास्त वेळ लावते." आम्ही सगळे हसलो. पहिलं बाळंतपण माहेरीच, असा शब्द त्यांनी दिला, म्हणून मी हो म्हटलं. सातव्या महिन्यात लाडवांचा डबा भरला, खोली सारवली अन् फोन केला, तर म्हणाले, "दिल्ली काय जवळ आहे, विहीणबाई? पोटुशी पोरीले एवढ्या दूर कसं धाडावं?" मागून पोरीचं रडणं ऐकू येत होतं. परवा तिचा लेक विमानानं आला. "आजी, दीड तासच तर लागला," म्हणाला. मी त्याच्या हातावर लाडू ठेवला. म्हटलं, "हो रे बाप्पा, तुझ्या दिल्लीच्या आजोबानं मले तेव्हाच सांगितलं होतं."