माळ्यावरची जाळी

गेल्या महिन्यात गावच्या शाळेनं माझ्या मुलीला बोलायला बोलावलं. ती मुंबईत संशोधन करते. शरीरातल्या पेशीला बाहेरून निरोप मिळाला की आतल्या डीएनएची घडी कशी बदलते, हा तिचा विषय. मुलं पुढे आणि आम्ही बाया मागे बसलो. आमच्या कोळीवाड्यातून एवढं शिकलेली ती पहिलीच. तिचं हसं होऊ नये, एवढंच माझ्या मनात होतं.

थोड्याच वेळात मुलं जांभया द्यायला लागली. शेजारी बसलेली माझी जाऊ कानात म्हणाली, "तुझी पोर मराठीच बोलते ना?" मुलगी फळ्यावर बाण काढत होती, पुसत होती. शेवटी घाईत म्हणाली, "समजा, निरोप आत शिरतो आणि घडी सोडतो."

घरी तिनंच मला सांगितलं होतं, की असे बरेचसे निरोप दारातच थांबतात.

चार माणसांत मी कधी तोंड उघडत नाही. त्या दिवशी उभी राहिले. म्हटलं, "आपली जाळी माळ्यावर बांधलेली असतात. निरोप आणणारा माळ्यावर चढत न्हाय गं. तो दारातनं सांगतो, बोंबील लागलाय. मी सासूला सांगते, सासू तुझ्या बापाला. मग तो वर चढून बोंबलाचं तेवढंच जाळं सोडतो. बाकीची बांधलेलीच र्‍हातात."

मुलं हसली. सगळ्यांच्याच घरी असं असतं. मुलीला मात्र धागा सापडला. ती सांगू लागली, डीएनए म्हणजे लांबलचक दोरा, बारीक मण्यांभोवती गुंडाळलेला. निरोप हातोहात आत पोचला की त्या मण्यांवर खुणा लागतात, तिथली गुंडाळी सैल होते आणि दोऱ्याचा तेवढाच भाग कामाला लागतो. डोळ्यात आणि कातडीत दोरा एकच, सुटलेला भाग वेगळा.

नववीतल्या एका मुलीनं विचारलं, "मग परत बांधतं कोण?"

"त्याला वेगळे कामकरी असतात. पण काही ठिकाणी निरोप संपला तरी गुंडाळी सैलच राहते. ती का, तेच मी शोधते."

मग प्रश्न थांबेनात. गुरुजींनी घंटा दोनदा लांबवली. जाऊ म्हणाली, "मलापण कळलं की."

निघताना मुलगी सगळ्यांसमोर म्हणाली, "हे मला आईनं शिकवलं." ते पुरतं खरं नव्हतं. आधी तिनंच मला शिकवलं होतं. पण मी काही तिला खोडून काढलं नाही.