बाळारामच्या गिटारच्या तीन खुंट्या

मी बोलका माणूस. मुरबाडच्या स्टँडवर कुणालाही विचारा, दिलीप मास्तर कधी गप्प बसलेला पाहिलाय का? आमच्या म्हशीनं तहसीलदारांची छत्री चावली, ती गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की आता त्या छत्रीखाली अख्खी कचेरी मावेल. पण एक गोष्ट मी बायकोला सांगितलेली नाही, देवासमोर हात जोडतानासुद्धा मनातल्या मनात वगळलेली आहे. आज ती तुमच्यासमोर मांडायला बसलो आणि आत्तापर्यंत दोनदा उठून पाणी पिऊन आलो.

सुरुवात तशी गमतीची आहे. तेवढी तरी मला मजेत सांगू द्या.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. वैशाखऱ्याचा बाळाराम माझा दोस्त. भातशेतीवाल्या घरातला, बाप भजनात वीणा धरायचा. नाणेघाट उतरताना वाट चुकलेल्या एका मुंबईकराला त्यानं खाली आणून सोडलं, तर त्या माणसानं जाताना सॅकमधली एक कॅसेट त्याला दिली. कव्हरावर पेनानं लिहिलेलं — साठच्या दशकातले इंग्लंडचे लोकसंगीतवाले, नुसती गिटार. ना नाव, ना फोटो.

मी कल्याणला क्लासला जाऊन चार कॉर्ड शिकलेलो, म्हणजे आमच्या दोघांत विद्वान मी! बाळारामकडे लग्नाच्या बँडवाल्यानं टाकून दिलेली, पोटाला तडा गेलेली गिटार. आम्ही ती कॅसेट लावली आणि — काय सांगू तुम्हाला? खाली कुणीतरी सावकाश चालतंय आणि वर कुणीतरी पळतंय, असं वाजत होतं. वीज नाही, ढोल नाही, गाणारा नाही. नुसतं लाकूड आणि तार. मी ऐटीत सांगून टाकलं, "दोघं वाजवतायत."

"दोघं नाय रे दिल्या, एकच हाय," बाळाराम म्हणाला. "आमची आय उखळात कांडते नं, एका हातानं मुसळ नि दुसऱ्यानं भात सारते. तसा ह्याचा आंगठा येगला चालतो."

मी हसलो. आठवडाभरानं त्यानं अंगठा वेगळा चालवून दाखवला, तेव्हा हसू थांबलं.

तरी सूर जुळेनात. मी क्लासमधली सगळी अक्कल खर्च केली. शेवटी बाळारामच म्हणाला, "आमचा बाबा बुवाच्या गळ्यासाठी वीणा उतरवतो. ह्या गोऱ्यानं पण तारा उतरवल्या आसतील." आणि कॅसेट थांबवत, पुन्हा लावत त्यानं तीन तारा सैल करून खालच्या सुरात उतरवल्या — एक जाड, दोन बारीक. बोट न ठेवता गिटार छेडली आणि ती कॅसेटमधल्यासारखी बोलली. मला आनंद झाला? झाला, खरंच झाला. आणि त्याच क्षणी मनात आलं: हे मला का सुचलं नाही?

एक गोष्ट इथे नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. बाळारामला गिटारची रोजची, सगळं जग लावतं ती जुळवणी ठाऊकच नव्हती. तो दर वेळी कॅसेट लावून तिच्या सुरावर तारा जुळवायचा. कॅसेट जवळ नसेल तर त्याला दुसरा आधार नव्हता. हे फक्त मला माहीत होतं.

शहापूरला एक सर संगीताचा वर्ग चालवायचे. त्यांना गिटार शिकवायला एक माणूस हवा होता. एकच. त्यांनी आम्हा दोघांना वाजवायला बोलावलं. बाळारामला घरून निरोप होता, हे जमलं नाही तर गिटार ठेवायची आणि कामधंद्याला लागायचं. मला असं कुणी बजावलं नव्हतं. माझ्या बापाचं किराणा दुकान होतं.

आम्ही किन्हवलीवरून जाणाऱ्या एसटीनं शहापूरला पोचलो. बाळारामनं गिटार गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतलेली. निघण्यापूर्वी त्यानं ती कॅसेटवर जुळवून ठेवली होती. सरांच्या बाहेरच्या खोलीत आम्ही बसलो. त्यानं एकदा हळूच छेडून पाहिली — अगदी बरोबर होती. मग माझ्याकडे बघून हसला, म्हणाला, "जरा तोंड धुवून येतो, घामानं बोटं सरकतात," आणि मागच्या नळावर गेला.

किती वेळ गेला असेल? एक मिनिट? मला नळाचं पाणी पडताना ऐकू येत होतं. माझे हात... नाही, हातांवर नको ढकलायला. मी त्याच्या गिटारच्या तीन खुंट्या पिळल्या. एक जाड, दोन बारीक. तिन्ही तारा चढवून नेहमीच्या जुळवणीत आणल्या. कानाशी धरून, नीट. त्या दिवशी मी जितक्या काळजीनं तारा लावल्या, तितक्या आयुष्यात कधी लावल्या नसतील.

पहिला तो गेला. दार उघडंच होतं. त्यानं बोटं टेकवली आणि जे वाजलं ते ऐकून तो स्वतःच दचकला. थांबला. पुन्हा वाजवलं. कुठल्या तारा जागेवर आहेत आणि कुठल्या हलल्या, त्याला कसं कळणार? एक खुंटी पिळली, मग दुसरी. मागे बसलेली क्लासची पोरं हसू दाबत होती. "सर, जरा थांबा... एसटीत हलली वाटतं," तो म्हणाला आणि बारीक तार उतरवायच्या ऐवजी त्यानं ती आणखी ताणली. ती तुटली.

मग मी माझी गिटार घेऊन आत गेलो आणि त्यानं शोधलेल्या जुळवणीत, त्याच्या कॅसेटवरची चाल वाजवली. त्याच्याइतकी चांगली नाही. सरांनी विचारलं, "हे कुठून शिकलास?" मी म्हणालो, "ऐकून ऐकून स्वतःच काढलं, सर." बाळाराम तेव्हा बाहेर गोधडीची गाठ मारत होता. ऐकलं असेल का त्यानं? इतकी वर्षं मी हा प्रश्न चघळतोय.

परतीच्या एसटीत त्यानं ड्रायव्हरला शिव्या घातल्या. "खड्डा दिसत नाय का रं याला? आख्खी गिटार खिळखिळी केली माजी!" आणि मग माझ्याकडे वळून, "तुला घेतील ना पण? मंग बास."

मला घेतलं. मी आजही गिटार शिकवतो. तो इंग्रज तारा कशा उतरवायचा याचा शोध मी कसा लावला, ही माझी सगळ्यात गाजलेली गोष्ट आहे. विद्यार्थी ती मुद्दाम सांगायला लावतात आणि मी हातवारे करून सांगतो. पुढे कल्याणच्या सायबर कॅफेत मी त्या वादकांविषयी वाचलं. जाड स्वेटर घातलेली, खुर्चीत वाकून बसलेली माणसं. त्यांतले काही जुन्या चाली गावच्या म्हाताऱ्यांकडून घ्यायचे आणि मैफलीत आधी त्या म्हाताऱ्याचं नाव सांगायचे. मी ते पान घाईघाईनं बंद केलं, जणू शेजारचा माझ्याकडेच बघतोय.

बाळाराम मुरबाड-कल्याण जीप चालवायला लागला. काही वर्षांपूर्वी मी पुढच्या सीटवर त्याच्या शेजारी बसलो होतो. वाटेत एका उतारूच्या टपावरच्या सामानाचा दोर सुटला म्हणून त्यानं जीप थांबवली, दोर आवळला आणि परत येऊन बसला. गाडी सुरू केली नाही.

"दिल्या, येक इचारू? ह्यो दोर रोज आवळाया लागतो. धक्क्यानं सैल होतो. आपसूक आवळला गेला आसं कंदीच होत नाय. त्या दिवशी घरी कॅसेट लावली तवा मी न पिळलेली तार बी चढलेली निघाली. मंग माज्या तारा चढल्या कशा रं?"

मागून कुणीतरी ओरडलं, "चला की शेट, टाइम झाला!" सांगायला याहून सोपा क्षण मिळाला असता का? त्यानं प्रश्न माझ्या हातात आणून ठेवला होता.

"हवा दमट होती," मी म्हणालो. "लाकूड फुगतं."

शहापूरला गेलो तेव्हा मार्च होता, हवा कोरडी ठणठणीत. आम्हा दोघांनाही आठवत होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही.

"हां. आसंल," म्हणाला आणि गियर टाकला.

त्यानंतर त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही. मी स्टँडवर दिसलो की तो पुढची सीट माझ्यासाठी धरून ठेवतो. आणि मी बसतो.