बुधूभाऊच्या हातातला देव

मी आधीच सांगून ठेवते, मले देवाबिवाशी काही घेणंदेणं नाई. आम्ही जयभीमवाले. ब्रह्मपुरीले माझं माहेर, आणि माझ्या बापानं लहानपणीच बजावलं होतं का कोणत्याच दगडा-लाकडापुढं डोकं टेकवायचं नाई. म्हणून ही ज्योत्स्ना नर्स देवासाठी तणतणून राह्यली असं कोणी समजू नका. मी तणतणते ते बुधूभाऊसाठी. त्या माणसाचा ज्या तऱ्हेनं केसानं गळा कापला गेला, ते आठवलं का आजही माझं डोकं भणभणते.

एटापल्लीच्या पुढं, पार जंगलात, त्या गावच्या उपकेंद्रावर माझी बदली झाली तेव्हा गावातला पहिला माणूस मले भेटला तो हाच. माझी स्कुटी नाल्याच्या चिखलात रुतली होती. कुठून तरी हा लुंगीवाला आला, गाडी उचलून कोरड्यात ठेवली न चालला. मी मागून ओरडली, "भाऊ, नाव तरी सांगून जा!" तर म्हणते कसा, "माझं का गाडीचं?" असा तो बुधू नरोटे. बोलायचा थोडं, पण बोलला का माणूस हसून बेजार. थोडीशी धानाची शेती, बाकी वर्षभर बांबूच्या टोपल्या न सुपं विणायची. बायको तापानं वारली तेव्हा पोरगी रंजीता जेमतेम चालायले लागली होती. लोकांनी दुसरं लग्न कर म्हणून लई मागं लागून पाह्यलं. ह्यानं ऐकलं नाई. पोरीले खांद्यावर बसवून नाला पार करून आश्रमशाळेत नेऊन सोडे, न सुटीच्या दिवशी तसाच खांद्यावर घेऊन येई. पुढं ती नागपूरले इंजिनिअर झाली, पुण्यातल्या कंपनीत लागली. गावात असं कोणाचंच लेकरू नव्हतं. भाऊ कोणापुढं मिरवत नसे, पण तिचा फोन आला का त्याच्या टोपलीच्या विणीचा हिशेब चुके.

आता देवाचं सांगते. हे गाव माडिया लोकांचं, ते आपल्या बोलीत त्याले पेन म्हणतात, मी आपली देवच म्हणते. हातभर लाकूड, त्याले लोखंडाच्या कड्या, कापडात गुंडाळून बांबूच्या नळीत ठेवलेला. गावाबाहेर झाडाखाली त्याची झोपडी. वर्षातून एकदा जत्रेत बाहेर काढतात. दुसऱ्या गावात काय रीत आहे मले ठाऊक नाई, पण ह्या गावात त्याले एकच माणूस हात लावते. पुजारी. तो मेल्यावर दुसरा, तोवर कोणी नाई. पाहायले मात्र कोणालेच मनाई नाई. आणि बायांचं म्हणाल तर झोपडीभोवती राखेची रेघ ओढलेली, तिच्या आतही त्यांनी जायचं नाई. बुधूभाऊ पुजारी होता. ह्या रेघेवरून मी त्याच्याशी किती भांडली! "काऊन भाऊ, बाईच्या हातानं तुमचा देव विटते का?" तो हसे. "बाई, मी काय देवाचा साहेब हाय? मी हमाल हाय. उचलतो न ठेवतो."

पण हमाल म्हणणाऱ्याचं मन मी जत्रेत पाह्यलं होतं. आदल्या दिवशी त्याचे हात धुऊन नव्या कापडात बांधत. मग देव उचलेपर्यंत त्या हातांनी कशालेच शिवायचं नाई. पाणी दुसऱ्यानं पाजायचं, घास दुसऱ्यानं भरवायचा. बायको गेल्यावर हे काम रंजीताचं झालं. एवढीशी पोर, मुद्दाम मोठा घास करे न बापाच्या तोंडात कोंबून म्हणे, "आता बोल बाबा!" सारं गाव हसे. ती शिकायले गेली तरी त्या दिवशी घास भरवायले येत होती.

मग एका जत्रेत रंजीता आली ती कंपनीतल्या दोन पोट्ट्यांले घेऊन. त्या उन्हाळ्यात शेजारच्या गावची देवाची झोपडी वणव्यात जळाली होती, आतल्या देवासकट. आमचं गाव धास्तावलेलं होतं. रंजीतानं गोटुलात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या घरात, सगळ्यांपुढं सांगितलं, "आपल्या देवाची छाप घेऊन ठेवू. उद्या काही वाईट झालं तर त्या मापानं नवा घडवता येईल."

लोक विचारायले लागले. जोडे? बाहेर काढू. बाई आत जाईल? नाई, मी रेघेबाहेरच लॅपटॉप घेऊन बसते. सावली पडेल? पडू देणार नाई. आणि हात?

"कोणीच हात लावणार नाई," रंजीता म्हणाली. "नुसता उजेड पडते त्याच्यावर."

"कोनीच नाई न?" बुधूभाऊनं पुन्हा विचारलं.

"कोणीच नाई, बाबा."

आता पाहा, त्या लोकांनी जोड्यापासून सावलीपर्यंत सगळं विचारलं. ती छाप नेऊन तुम्ही करणार काय, हे एकानंही विचारलं नाई. भीती हाताची होती, ती फिटली. देव बाहेर आला, उजेड पडला, पोट्ट्यांनी जोडे घातले न गेले. कोणी बोट लावलं नाई, हे मी माझ्या डोळ्यांनी पाह्यलं.

मग रंजीताचे फोन सुरू झाले. गावात रेंज येते ती फक्त उपकेंद्राच्या ओट्यावर, म्हणून भाऊ तिथीच बसून बोले न मले सगळं ऐकू येई. "बाबा, देव हातात घेतला का आधी काय लागते, लाकूड का कडी? कुठी खरखरीत आहे? अंगठा कुठी बसते?" भाऊ डोळे मिटून सांगे. एका जागी खाच आहे, अंगठा आपोआप तिच्यात जाते. कडीपाशी लाकूड गुळगुळीत झालं आहे, आजा-पणज्यांच्या हातानं. सांगायले मनाई नव्हती. पण आजवर कोणी विचारलंच नव्हतं. फोन ठेवला का मले म्हणे, "पोरगी विचारून राह्यली, बाई. शहरात राहून बापाचं काम विचारते." त्याच्या डोळ्यांत पाणी येई. मले मेलीले तरी काय ठाऊक! मी म्हणे, नशीबवान आहा भाऊ.

पुढच्या जत्रेले थोडेच दिवस राह्यले होते. भाऊच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला होता, म्हणून मी त्याले दाखवायले चंद्रपूरले घेऊन निघाली. रंजीताले कळलं तर म्हणाली, "मावशी, मी पण चंद्रपुरातच आहे. आमचं प्रदर्शन आहे. आधी बाबाले माझ्याकडे आणा, दवाखान्यात मी संगं येते." बापाले काय, लेक बोलावते म्हटल्यावर दवाखाना गेला उडत.

मोठा हॉल होता. कोपऱ्यात काळा पडदा, आत टेबलावर एक काळी पाटी, तिच्यात बारीक बारीक भोंगे ओळीनं बसवलेले. आवाज काही नाई. रंजीतानं बापाचे हात धरून पाटीच्या वर, हवेतच, आणून ठेवले. "डोळे मिट बाबा. काही लागते का सांग."

भाऊनं डोळे मिटले. आधी म्हणाला, वारं लागून राह्यलं. मग थांबला. बोटं हळूहळू वळली, असं काही धरल्यासारखी. अंगठा सरकत सरकत गेला न एका जागी बसला. आणि तो माणूस हसला, हो! सणाले माहेरचं माणूस आल्यावर हसावं तसा हसला. "अवो, हा त आपला हाय! रंजी, कसं केलं व तू हे?"

"बरोबर आहे!" रंजीता ओरडली, बापाकडे नाई, कंपनीतल्या त्या पोट्ट्यांकडे पाहून. "बाबा म्हणतात बरोबर आहे!" त्यांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. मशीन बरोबर चाललं का नाई, हे साऱ्या दुनियेत सांगू शकणारा एकच माणूस होता. तेवढ्यासाठी त्याले बोलावला होता.

मग त्यांनी पडदा सरकवला. बाहेर रांग उभी होती. वर बोर्ड लावलेला: जंगलातला देव, हात लावून पाहा. पहिला आला तो समोशाचे हात पँटीले पुसून. त्यानं हवेत हात घातला न "अरे बापरे, आहे की!" करून मागं सरला. मग कॉलेजच्या पोरी. "गुदगुल्या होतात गं!" एकानं तर लेकराले उचलून त्याचे हात आत धरले.

"हे लोक काय करून राह्यले, बाई?" भाऊनं मले विचारलं. मी त्या पोट्ट्यांतल्या एकाले विचारलं. तो मोठ्या हौसेनं सांगायले लागला: कानाले ऐकू न येणारा आवाज ह्या भोंग्यांतून हवेत असा सोडतात का तळहातावर त्याचा दाब पडते, दाब जागच्या जागी हलवला का वस्तूचा आकार लागते. उजेडानं माप घेतलं होतं, आणि हाताले कसं लागते ते मॅडमच्या वडिलांनी सांगितलं होतं.

मी भाऊले सांगितलं. कसं सांगितलं ते माझं मले ठाऊक. त्यानं रंजीताले विचारलं, "मले लागलं, तसंच लागते याईले?"

"तसंच बाबा. सगळ्यांले."

भाऊ आपला तळहात पाहत राह्यला. मग त्यानं तो लुंगीले पुसला. पुन्हा पुसला. तेव्हा कुठी पोरीच्या लक्षात आलं. म्हणाली, "पण बाबा, खरा देव तर झोपडीतच आहे. त्याले कोणी बोट तरी लावलं का? मी दिलेला शब्द पाळला."

शब्द पाळला म्हणते! माझा हात शिवशिवला. मी म्हटलं, "रंजीता, शब्द पाळला न बाप विकला तू." ती रडायले लागली. रांग तशीच पुढं सरकून राह्यली होती.

भाऊ म्हणाला, "चला बाई." दवाखाना तसाच राह्यला. एसटी आलापल्लीले पोचली. तेव्हा तो एकदम म्हणाला, "परक्यानं इचारलं असतं त मी तोंड उघडलं नसतं. पोरीनं इचारलं म्हनून सांगतलं. डोये मिटून सांगतलं, बाई." आणि तो धडधाकट माणूस भर बसमध्ये ओक्साबोक्शी रडला. मी नर्स, किती बाळंतपणं, किती मरणं पाह्यली. पण त्या दिवशी मी नुसती त्याची पाठ थोपटत राह्यली.

गावात कोणालेच काही माहीत नव्हतं. आणि जत्रा तोंडावर आलेली. मी भाऊले हात जोडून सांगितलं, "तोंड उघडू नका. ह्या गावातला कोण चंद्रपूरले प्रदर्शन पाहायले जाते? कळलं तर देव तुमच्या हातून जाईल." तो म्हणाला, "मले त कयलं न, बाई. एकट्याचा हात म्हनून मी उचलत होतो. आता कसा उचलू?"

गोटुलात सगळे बसले तेव्हा तो उभा राह्यला. "देवाले लोकाईचे हात लागले," म्हणाला, न झालं ते सांगितलं. सगळं सांगितलं, एक नाव सोडून. कोणी केलं, विचारलं तर म्हणे, "मीच. कसा लागते ते मीच आपल्या तोंडानं सांगतलं." मले राहवलं नाई, मी उठून उभी राह्यली. त्यानं माझ्याकडे असं पाह्यलं का मी मुकाट्यानं खाली बसली. म्हाताऱ्यांलेही वाईट वाटलं, कोणी शिवी दिली नाई. पण रीत म्हणजे रीत. बुधूभाऊचा हात उतरवला न चुलतभाऊ झिंगूले पुजारी केला. जिवंत पुजाऱ्याचा हात उतरवल्याचं त्या गावात कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

जत्रेच्या दिवशी रंजीता आली. भाऊ माझ्या ओट्यावरच बसला होता. तिकडं ढोल वाजून राह्यले होते न त्याले जावत नव्हतं. ती समोर येऊन उभी राह्यली. मी आत निघाली तर भाऊ म्हणाला, "बसा बाई." मग मी बसली.

"बाबा, मले लहानपणापासून पाहायचं होतं, तुझ्या हाताले काय लागते ते," ती म्हणाली. "तुझी एकुलती एक मी. तरी देव जाणार झिंगूकाकाकडे, उद्या त्याच्या पोराकडे. माझ्याकडे कधीच नाई. काऊन? मी बाई म्हणून! मावशी, तुम्ही पण भांडत होत्या न ह्याच्यावरून?"

"भांडत होती," मी म्हटलं. "त्याच्या तोंडावर भांडत होती. त्याच्या पोटात शिरून काढून नाई नेलं मी काही. आणि तुले एकटीले पाहायचं होतं तर ती रांग कोणासाठी लावली व?"

ती बापाकडे वळली. "मी मागितलं असतं, तर तू हो म्हटलं असतं का, बाबा? खरं सांग."

"नाई म्हटलं असतं," भाऊ म्हणाला.

"मग!"

"मग काय, तू रुसली असती. चार दिवस बोलली नसती. पन रंजी, आता तू फोनवर बाबा म्हनशीन, त मले पयले वाटन, हिले काय पायजे?"