सत्काराचं ताट

"ए पोरी, ताट धर."

आमच्या डाळज गावात, शाळेच्या मैदानात, मांडवाखाली, सगळ्या गावासमोर. बारावीला गावात पहिली आल्याली मी. सत्कार माझाबी होता. तरी शाली-नारळांचं ताट माझ्याच हातात. गावाची रीतच तशी. ज्यांच्या बापाला गावात आवाज न्हाय, त्यांच्या पोरींनी ताट धरायचं. माझं आण्णा बागायतदारांच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करत्यात. ते पार मागं बसलं होतं, चपलांच्या ढिगापाशी.

कारभाऱ्यांच्या पोरांना शाली घातल्या, फोटो झालं. माझं नाव शेवटाला. तवर पावणं उठलं होतं. गावचं पुढारी तात्या हसत म्हणालं, "तुझी शाल ताटातच हाय की. घे तूच."

मांडव हसला. अन् मी घेतली. एका हातानं ताट सावरत, दुसऱ्यानं माझीच शाल उचलली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच रागात पुण्याला गेले. लोक इचारत्यात, शहरात शिकून काय निराळं मिळालं? पुस्तकं बारामतीतबी मिळत्यात. मिळत्यात की. पण पुण्यात पहिल्याच आठवड्यात मॅडमनी भर वर्गात मला इचारलं, "तुला काय वाटतं?" मला घाम फुटला. जन्मात कुणी इचारलं न्हवतं. माझ्या बोलण्याला हसणाऱ्या पोरीबी होत्या, न्हाय कशाला म्हणू. त्यांच्याशी कडाकडा भांडले. गावात भांडले असते तर आण्णांचं काम गेलं असतं; तितं भांडले तरी कुणी ते बंद केलं न्हाय. अन् कॉलेजच्या कार्यक्रमाला बघते तर विभागप्रमुख सर स्वतः खुर्च्या लावत होते. म्हणजे असंबी असतंय? मग आमच्या गावातच का न्हाय? तवापासनं जिवाला चैन न्हाय.

औंदा माझी धाकटी बहीण बारावी झाली. माझ्याच कॉलेजात तिचं नाव लागलं. अन् मांडवात ताट तिच्या हातात.

तात्या माईकवरनं आण्णांना म्हणालं, "थोरलीला धाडली ती धाडली. हिला हितंच ठेवा. शहरात शिकल्याली पोर कुणाचं ऐकत न्हाय."

"व्हय तात्या," आण्णा म्हणालं.

धाकटीनं माझ्याकडं बघितलं.

मी उठले. ताट काढून घेतलं, तात्यांच्या शेजारी बसल्याल्या पुतण्याच्या मांडीवर ठेवलं. त्यातली शाल उचलून धाकटीच्या अंगावर घातली.

"तात्या, खरं बोललात," मी म्हणाले. "न्हाय ऐकत."

कुणी हसलं न्हाय.

घरी आण्णा एवढंच म्हणालं, "मला गावात राहायचंय." त्यांचं खरं हाय. उद्यापासनं तात्यांच्या मोटारी दुसरीकडं जातील. भीती मलाबी वाटती. हाताला काम न्हाय म्हणून बसल्यालं आण्णा डोळ्यापुढनं हालत न्हाईत. तरी धाकटीची पिशवी मी भरलीय. सकाळच्या एसटीनं ती माझ्यासंगं पुण्याला येणार. आण्णा दारात आडवं बसलं, तरी.