मसाल्याची नोंद

एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी मी बायकोचा फोन कॉम्प्युटरला जोडला आणि तिच्या एकसष्ट नोंदींपैकी सत्तेचाळीस पुसून टाकल्या. मुद्दाम नाही. पण माझ्याच हाताने, आणि कॉम्प्युटरने आधी विचारल्यावर.

ती दिवाळीनंतर गेली. आजार तीन आठवड्यांचा. त्याबद्दल इथे लिहीत नाही. घरात आता मी आणि मुलगी. मुलगी नोकरी करते, दोन दिवस घरून, तीन दिवस ऑफिसात. मी माझगावला गोदीच्या स्टोअरमध्ये आहे. कुठल्या खणात किती नटबोल्ट, किती दोरखंड, किती रंगाचे डबे, हे लिहून ठेवणं माझं काम. एकोणतीस वर्षं तेच करतोय. कामात मी एक नियम पाळत आलो: एका वस्तूची एकच नोंद. दोन ठिकाणी लिहिलं की कधीतरी दोन आकडे वेगळे निघतात, आणि मग खरा कुठला ते कोणालाच सांगता येत नाही.

हा नियम मी घरीही आणला होता. पाच वर्षांपूर्वीपर्यंत आमच्या मसाल्याचं प्रमाण एका पुठ्ठ्यावर होतं. हिंदमाता मार्केटमधून आणलेल्या साडीच्या खोक्याचं झाकण होतं ते. माझी आई मिरच्या किलोवर घ्यायची, पण धणे, बडीशेप, दगडफूल सगळं मुठीने. लग्नानंतर बायकोने तिच्यासमोर बसून ते लिहून घेतलं: धणे अकरा मुठी, खसखस दीड मूठ, असं. हळदीच्या बोटांनी पुठ्ठा पिवळा झाला होता. एका रविवारी मी स्वयंपाकघरातला काटा टेबलावर ठेवला आणि बायकोला म्हटलं, एकेक मूठ भरून यात टाक.

"आईंची मूठ माझ्याहून लहान होती," ती म्हणाली.

"तीनदा टाक. सरासरी काढू."

"सरासरी काढून आईंची मूठ कशी येईल?"

तरी तिने टाकल्या. मी ग्रॅममध्ये लिहिलं, आकडे पंचवीसच्या पटीत आणले आणि तिच्या फोनमधल्या नोंदवहीच्या ॲपमध्ये "मसाला" नावाने भरले. मग पुठ्ठा फाडून टाकला. ती बघत होती. म्हणाली, "बरं झालं. आता पुढच्या वर्षीपासून कुटायला तुम्हीच जा."

गेली मात्र तीच. पाचही वर्षं.

तिचा फोन मी महिन्यातून एकदा कॉम्प्युटरला जोडायचो. फोनमधलं सगळं आपोआप इंटरनेटवर चढवून ठेवायची सोय असते, ती मी तिला बंद करायला लावली होती. आपली माहिती दुसऱ्याच्या घरी कशाला, असं माझं म्हणणं. केबल लावायची, पट्टी डावीकडून उजवीकडे भरत जायची, शेवटी "पूर्ण झालं" असं यायचं. मी केबल काढायचो.

या मार्चमध्ये तिच्या फोनचं मागचं झाकण फुगायला लागलं. बॅटरी जात होती. एकदा सगळं नीट उतरवून घेऊ असं ठरवलं. त्याच आठवड्यात कॉम्प्युटरने सिस्टीम अपडेट मागितलं होतं आणि मी ते दिलं होतं. अपडेटनंतर जोडणी बसेना. फोन दिसायचा, नाहीसा व्हायचा. केबल बदलली. दोन्ही यंत्रं बंद करून चालू केली. दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी जोडणी लागली आणि पडद्यावर चौकट आली: या फोनवरची आणि या कॉम्प्युटरवरची माहिती जुळत नाही. दोन्हीकडचं एकत्र करायचं, की फोनवरचं काढून त्या जागी कॉम्प्युटरवरचं घालायचं?

चौकट मी दोनदा वाचली. जोडण्याआधी फोनमधल्या नोंदी मोजून कागदावर लिहिल्या होत्या: ६१. घाई नव्हती, कोणी हाक मारली नव्हती. काही वर्षांपूर्वी माझ्याच फोनवर "एकत्र" केलं होतं, तेव्हा तीनशे बारा नावांची सहाशे चोवीस झाली होती आणि ती एकेक करून काढण्यात माझे दोन रविवार गेले होते. मूळ प्रत कॉम्प्युटरवर आहे, फोन ही तिची नक्कल, हे माझ्या डोक्यात पक्कं होतं. दर महिन्याला मीच तर उतरवत होतो. मी दुसरा पर्याय निवडला.

पट्टी भरली. "पूर्ण झालं." फोनमध्ये नोंदी: १४.

कारण नंतर सापडलं. आधीच्या कुठल्यातरी अपडेटमध्ये नोंदवहीसमोरची बरोबरची खूण निघून गेली होती. पाच वर्षं फोटो उतरत होते, फोन नंबर उतरत होते, नोंदी नाही. "पूर्ण झालं" हे जेवढ्यांवर खूण होती तेवढ्यांपुरतं होतं. स्टोअरमध्ये मी दर सहा महिन्यांनी प्रत्यक्ष खण उघडून मोजतो. इथे एकदाही उघडून बघितलं नव्हतं.

मुलगी चहा घेऊन आली.

"झालं का सिंक?"

"झालं."

"मग असे का बसलात?"

मी सांगितलं. तिने कप खाली ठेवला.

"सत्तेचाळीस? काय होतं त्यात?"

"माहीत नाही. तिच्या होत्या. मी उघडल्या नव्हत्या."

"आणि मसाला?"

मसाला होता. चौदांमध्ये होता. पण तो माझा होता, पाच वर्षांपूर्वी भरलेला, पंचवीसच्या पटीतले आकडे आणि खाली कोरी जागा. फेब्रुवारीत मी ती नोंद एकदा उघडली होती. तेव्हा आकड्यांखाली तिने लिहिलेल्या बऱ्याच ओळी होत्या, वर्षावर्षाच्या. मी वरचे आकडे बघितले, आहेत म्हणून खात्री केली आणि बंद केली. ओळींपैकी पहिलीच तेवढी आठवते: "यांनी सांगितलं तसं केलं. धणे फार झाले." पुढच्या वाचल्या नाहीत. वाटलं, आहेत, सावकाश वाचू.

मुलीने नोंद बघितली. "बाबा, हे आईचं नाहीये."

"नाही."

"आता पावसाच्या आधी मसाला कुटायचा तर कशावरून कुटणार?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं नंतर वाटलं. त्या वेळी काही वाटलं नाही. चहा प्यायलो आणि कप विसळून ठेवला.

दादरला फोन दुरुस्त करणारा एक माणूस आहे, माझ्याच वयाचा, कपाळावर भिंग लावून बसतो. त्याने फोन चार दिवस ठेवून घेतला. बॅटरी बदलून दिली. नोंदींबद्दल म्हणाला, "साहेब, चोरी झाली असती तर शोधलं असतं. हे तुम्ही सही करून दिलंय. मशीनने विचारलं, तुम्ही हो म्हणालात. जुन्याच्या डोक्यावर नवीन बसलं."

"नवीनच्या डोक्यावर जुनं," मी म्हटलं.

"तेच ते."

तेच ते नव्हतं, पण त्याच्याशी वाद घालून काही परत येणार नव्हतं.

मग गिरगावला मेहुणीला फोन केला, बायकोच्या मोठ्या बहिणीला. ती अजून गावच्यासारखीच बोलते. "भावोजी, आमचो मसालो येगळो. तिका आमचो कधी आवडाक नाय. ती शिकली ती तुमच्या आयशीकडना. माका काय इचारतास, तुमच्याच घरातलो मसालो तो!" मग म्हणाली, "तुमी खाल्लास ना येवढी वर्षा? तोंडाक चव कळाक नाय?"

मी म्हटलं, ताई, कळली असती तर विचारलं नसतं.

शेवटी माझेच आकडे कागदावर उतरवले आणि मुलीला घेऊन लालबागला मिरची गल्लीत गेलो. बायको ज्या दुकानातून घ्यायची ते मुलीला माहीत होतं. काट्यावर एक बाई होत्या, पन्नाशीच्या, नाकाला ओढणी बांधलेली. त्यांनी मुलीला ओळखलं.

"वहिनी मागून येतायत का?"

"नाही," मी म्हटलं. "ती वारली."

त्यांनी हातातलं माप खाली ठेवलं. "कधी?"

"दिवाळीनंतर."

मागे रांग होती. त्यांनी मुलीकडे बघितलं आणि माप उचललं. "बोला. बेडगी किती?"

"दीड किलो. संकेश्वरी एक. लवंगी अर्धा."

"लवंगी अर्धा? एवढी तिखट मिरची वहिनी कधीच न्यायच्या नाहीत."

"किती न्यायची?" मी विचारलं. मुलगीही पुढे सरकली.

"आता ते कसं सांगू? दिवसाला किती लोक येतात. अहो, त्यांचं ठरलेलं नसायचंच. फोन काढायच्या, बघायच्या, मग मिरची मोडून वास घ्यायच्या, जिभेला लावायच्या. कधी पोतं बदलायला लावायच्या. मी म्हणायचे, वहिनी, तुम्हीच बसा गल्ल्यावर, मी घरी जाते." त्यांनी एक लवंगी मिरची माझ्यापुढे धरली. "तुम्ही बघा ना मोडून."

मी मोडली. वास घेतला. दोन शिंका आल्या.

"काय वाटतं?"

"मिरची आहे."

मुलगी हसली. दिवाळीनंतर मी तिला हसताना पहिल्यांदाच ऐकत होतो. बाईही हसल्या. "मग लिहिलंय तेवढंच देते. घरात माणसं किती? जास्त नको व्हायला."

"तीन," मी म्हटलं.

मला त्या वेळी काही खटकलं नाही. बाईंनी खडा मसाला मोजायला घेतला.

आठवडाभर मिरच्या गच्चीवर चादरीवर वाळवल्या. आम्ही दोघांनी देठ काढले. देठ आणि बिघडलेल्या मिरच्या मिळून दोनशे वीस ग्रॅम निघाल्या. पुढच्या रविवारी पुन्हा लालबागला जाऊन सगळं भाजून घेतलं आणि डंखावर कुटून आणलं. तिथे लोखंडी मुसळं यंत्रावर वरखाली होत असतात, आणि आपापल्या उखळावर नजर ठेवून माणसं तोंडाला रुमाल लावून बसलेली असतात, कारण नजर हटली तर आपल्यात दुसऱ्याचा मसाला येईल असं प्रत्येकाला वाटतं. आम्हीही बसलो. दीड तास. मसाला भरला चार किलो तीनशे ऐंशी ग्रॅम.

गेल्या वर्षीचा मसाला बरणीत उरला होता. तो सहाशे चाळीस ग्रॅम भरला. ही बरणी तिने स्वतः भरलेली. नवीन मसाला वर्षभराचा, म्हणजे दिवसाला बारा ग्रॅम. त्या हिशेबाने बरणी त्रेपन्न दिवस गेली असती. आकडा लिहिताना लक्षात आलं की बारा ग्रॅम तीन माणसांचे. दोघांना आठ. आठने भागलं तर ऐंशी दिवस. आणि नवा मसाला वर्षभराचा नाही, दीड वर्षाचा झाला होता. लालबागच्या त्या बाईंना मी तीन सांगितलं होतं. एकोणतीस वर्षांत माझ्याकडून स्टोअरमध्ये एकही नग जास्त लिहिला गेलेला नाही.

मी बरणीवर चिठ्ठी लावली: जुना. नव्याचा डबा वेगळा ठेवला. ऐंशी दिवस तरी तिचं आणि माझं एकमेकांत मिसळणार नाही, असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी कामावरून आलो तर ओट्यावर बरणी धुऊन पालथी घातलेली. मुलगी त्या दिवशी घरून काम करत होती.

"यातला मसाला?"

"नव्यात घातला. ढवळून."

मी बरणी सरळ केली. तिने लॅपटॉप मिटला.

"आई दर वर्षी तेच करायची. उरलेला नव्यात घालायची. म्हणायची, आजीपण करायच्या."

"मला माहीत नव्हतं."

"तुम्ही कधी डबा उघडलात, बाबा?"

मी डबा काट्यावर ठेवला. डब्याचं वजन वजा केल्यावर पाच किलो वीस ग्रॅम. बरोबर होतं, काही सांडलं नव्हतं.

त्या संध्याकाळी तिने काळ्या वाटाण्याची आमटी केली. मी भाताबरोबर जेवलो. तिखट होती. नाकातून पाणी आलं, पाणी प्यायलो, पुन्हा घास घेतला. मुलीनेही दोन ग्लास पाणी संपवलं.

"लवंगी जास्त झालीय," ती म्हणाली.

"हो."

"पण मागून आईचं थोडं लागतंय. लागतंय ना?"

मी आणखी एक घास घेतला आणि नीट चावला. मला फक्त तिखट लागत होतं. मी तिला तसंच सांगितलं. ती म्हणाली, ठीक आहे, मला लागतंय.

जेवण झाल्यावर बायकोचा फोन घेतला आणि "मसाला" उघडला. वर माझे आकडे होते. खालच्या कोऱ्या जागेत लिहिलं: लवंगी निम्मी करणे. पुढच्या वेळी दोन माणसांचा. मग मुलीला फोन दिला आणि सगळं इंटरनेटवर आपोआप चढवायची ती सोय चालू करून घेतली.