साडेपाचनंतरचा बर्फ

मार्सेलने आपला प्रोग्राम पंधरा दिवस तपासला, रोज सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. वसई पूर्वेच्या एका कारखान्यात सतरा वर्षं ड्राफ्ट्समन असल्यामुळे कामाची वेळ म्हणजे हीच, हे त्याच्या अंगात मुरलं होतं. कारखाना बंद पडल्यावर त्याने पाचूबंदरच्या मच्छीमार सोसायटीत कारकुनी धरली आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी, पुस्तकं आणून, पायथन ही संगणकाची भाषा शिकून घेतली.

सोसायटीत भांडणाचं मूळ एकच होतं, बर्फाचा नंबर. बोट निघायची त्या पहाटे मालकाने ऑफिसात येऊन नाव लावायचं. नावं वहीत लिहून यादी रिक्षाने पूर्वेच्या बर्फ कारखान्यात जायची आणि त्याच क्रमाने बर्फ यायचा. रिक्षा अडकली की बर्फ अडकायचा. मार्सेलने ही यादी वेबसाइटवर आणली. इथे नाव लागलं की कारखान्यात संगणकावर दिसणार.

त्यासाठी परदेशातला एक लिनक्स सर्व्हर, म्हणजे साइट चालवणारा संगणक, महिन्याच्या भाड्याने घेतला होता. तो कुठल्या गावात आहे हे मार्सेलला माहीत नव्हतं. घरातून हुकूम टाइप केले की तो ऐकत असे. पहिल्या दिवशी मार्सेलने प्रोग्राम चालू करून पडद्यावरची खिडकी बंद केली, तर साइटही बंद पडली. पुढचे तीन दिवस त्याने खिडकी उघडी ठेवली आणि बायकोला संगणकापाशी केरसुणी आणू दिली नाही. चौथ्या दिवशी, आपण नसतानाही प्रोग्राम चालता ठेवायची रीत त्याला सापडली.

चेअरमन आलोशियस म्हणाले, "एक दिवस देतो. जमलं तर ठेवू. नाही जमलं तर वही, आणि मग कंप्युटरचं नाव काढायचं नाही."

तो दिवस २००८ च्या नोव्हेंबरातला. भरती साडेनऊची होती. एका बोटीच्या मालकीण तेरेसामावशी नेहमीप्रमाणे सगळ्यांत आधी, पाचला दहा कमी असताना आल्या. साडेपाचपर्यंत अकरा बोटींची नावं लागली. दर वेळी पडद्यावर 'नोंद झाली' असं आलं. पावणेसहाला आलोशियस जांभई देत आपल्या बोटीचं नाव लावायला आले. त्यांच्यामागून आणखी दोघे.

सात वाजता कारखान्याचा टेम्पो आला. त्यात तीन बोटींचा बर्फ होता. चिठ्ठीवर पहिला नंबर आलोशियस यांचा. आयुष्यात पहिल्यांदाच.

"माझा बरफ कुठं हाय?" तेरेसामावशींनी विचारलं.

मार्सेलने यादी उघडली. आजच्या तारखेत तीनच नावं होती. त्याने कालची यादी उघडली. तिथे खाली अकराही नावं ओळीने बसली होती, वेळेसकट.

"मावशी, तुम्ही काल रात्री अकरा वीसला आलात."

"काल अकराला मी झोपलेली. तुझ्या कंप्युटरला विचार, कोनाला बघितलं त्याने?"

बाकीचे हसले. मार्सेल हसला नाही. तो बोटांवर तास मोजत होता. सर्व्हर ग्रिनिचच्या घड्याळावर चालत होता, इथल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पाचूबंदरला साडेपाच वाजेपर्यंत त्याच्या लेखी कालचीच तारीख होती. दहा ते पाच तपासणाऱ्याला हे दिसणं शक्य नव्हतं.

"पानी माझ्यासाठी थांबनार हाय?" मावशी म्हणाल्या.

मार्सेलने कारखान्याला फोन लावला आणि अकरा नावं तोंडी सांगितली, पहिलं त्यांचं. पावणेनऊला बर्फ आला. मावशींची बोट भरतीवर निघाली.

संध्याकाळी कमिटी बसली.

"एक ओळ बदलायची आहे. पाच मिनिटांचं काम," मार्सेल म्हणाला.

"हात लावू नकोस," आलोशियस म्हणाले. "साडेपाचनंतर बरोबर चालतं ना?"

"चालतं."

"मग नंबर साडेपाचपासून."

"म्हंजे चेअरमन उठेपरेंत आमी बसून ऱ्हायचं?" मावशींनी विचारलं.

आलोशियस यांनी हात वर करायला सांगितलं. सातापैकी पाच हात वर झाले. साइट राहिली.

मार्सेलने घरी जाऊन ती ओळ बदललीच. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला त्याने स्वतःच एक खोटं नाव लावून पाहिलं. तारीख बरोबर होती. त्याने नाव पुसलं आणि हे कोणालाही सांगितलं नाही; सांगितलं असतं तर हात लावल्याचंही सांगावं लागलं असतं. मग ऑफिसात जाऊन त्याने दारावरची नोटीस टाइप केली: संगणक पहाटे साडेपाचपूर्वी चालत नाही, कोणीही आग्रह करू नये.