मोतीबाईचा हेल

रुपीबाई आमच्या बंजारा तांड्यात पोरीयले रडणं शिकवे. हसू नका, खरं सांगून राह्यली! आमच्यात सासरी निघतानी नवरी एकेकीच्या गळ्यात पडून ढावलो म्हणते, म्हणजे गात रडते. जिच्या गळ्यात पडली तिनं गाऊनच उत्तर द्याचं, तवा नवरी तिले सोडते. पांढरकवड्याकडल्या किती पोरी रुपीबाईनं तयार केल्या असतीन!

पण बाई लय खट. पैनगंगेच्या पल्याडून मोतीबाई सून होऊन आली. तिकडल्या बाया ओळीचा शेवट ओढत ओढत नाकात नेतात, आमच्या इकडं तो गळ्यातच तुटते. नणंदेच्या लग्नात मोतीबाई तशी गाऊ लागली, तं रुपीबाईनं सगळ्यायदेखत तिचं तोंड दाबलं. "हे रडणं होय का इवळणं?" त्या दिवसापासून मोतीबाई गायलीच नाई. वर्षभरात हंसा झाली अन् मोतीबाई बाळंतपणात गेली. नदीले पूर होता, तिच्या मायले लेकीचं तोंडही पाहाले भेटलं नाई. ते रुपीबाईच्या जिवाले लागलं. हंसाले तिनंच वाढवलं, आपला हेल तिच्या गळ्यात बसवला.

बासष्ट साली हंसाचं लग्न झालं. भरदुपारी बैलगाडी जुंपून उभी. हंसा सगळ्यायच्या गळ्यात आमच्याच हेलात रडली. शेवटी रुपीबाईच्या गळ्यात पडली अन् ओळ लांबली, नाकात गेली. माय व! माह्या अंगावर काटाच आला. शब्द रुपीबाईनं शिकवलेले, पण हेल मोतीबाईचा. पल्याडचं माणूस या पोरीनं कदी पाह्यलं नव्हतं!

रुपीबाईनं उत्तर दिलं. हंसानं गळा सोडला नाई. दुसऱ्यांदा दिलं, तिसऱ्यांदा दिलं, तं मिठी आणखीनच आवळली. नवरदेवाचा बाप डोंगरसिंग ओरडला, "आवरा व बाया, दिवस बुडते!" रुपीबाईचं तोंड पांढरंफटक पडलं. मंग ती गायली, "चुकलं माहं, मोती," अन् शेवट ओढत ओढत नाकात नेला. हंसाचे हात सुटले.

मी पाठराखीण होती. गाडीत बसल्यावर हंसानं मले विचारलं, "मी रुपीकाकीच्या गळ्यात पडलीच नाई का व? मले काईच आठवत नाई."

त्या दिवसापासून आमचा हेल रुपीबाईच्या गळ्यातून गेला तो गेलाच. साधं बोलली तरी शब्द नाकात जाये. लोक पोरी धाडेनासे झाले. मोतीचं आठवून मीही रागात म्हणलं, "बरी खोड मोडली!" आता वाईट वाटते. एक दिवस ती म्हणे, "मोतीच्या मायची माफी मागतो, चाल संगं."

पल्याडची म्हातारी डोळ्यानं आंधळी, खोपटात बसली होती. लेक मेली हे तिनं कदी मानलंच नाई म्हणे. रुपीबाई दारातून म्हणाली, "याडी, मी आली..."

आमच्यात मायले याडी म्हणतात. म्हातारीचं तोंड उजळलं. "मोती? किती उशीर केला व! ये, जेवून घे."

रुपीबाईनं माह्याकडं एकदा पाह्यलं. मंग "हो, याडी," म्हणाली अन् आत जाऊन जेवाले बसली. मी एकटीच परतली.